खिल्लार कळपासाठी वळू निवडायचा आहे: शर्यतीचे नाव पाहावे की दावण?

माणदेशी_गोठा (प्रश्न)

नमस्कार मंडळी. सांगोला तालुक्यात आमच्याकडे आजोबांपासून खिल्लार गायींची दावण आहे. आज दावणीला 23 गायी आणि 7 कालवडी आहेत. खोंड दीड-दोन वर्षांचे झाले की ते खरसुंडीच्या किंवा सांगोल्याच्या बाजारात विकायचे, हेच आमचे मुख्य उत्पन्न आहे. दूध घरापुरतेच निघते. घरचा वळू आता म्हातारा झाला असून मागच्या पायाने अधू आहे. शिवाय 23 पैकी 11 गायी त्याच्यापासूनच झालेल्या असल्यामुळे त्याला यापुढे कळपात ठेवणे योग्य नाही, हे आम्हालाही कळते.

गेल्या वर्षी आम्ही घाईघाईने एक वळू विकत आणला होता. रंग, शिंगे, वशिंड, चाल, कशालाच नाव ठेवायला जागा नव्हती आणि गायीवर उडीही तो जोमाने घेत असे. मात्र दर वीस-एकवीस दिवसांनी गायी पुन्हा माजावर येत राहिल्या. नऊ गायी दाखवल्या, त्यांतल्या दोनच गाभण राहिल्या. उरलेल्या सात गायींचे वर्ष वाया गेले आणि विकणाऱ्याने हात वर केले. त्यामुळे या वेळी विचारपूर्वक निर्णय घ्यायचा आहे.

सध्या दोन वळू पाहण्यात आहेत. पहिला चार वर्षांचा असून त्याच्या बापाचे बैलगाडा शर्यतीच्या मैदानांवर मोठे नाव आहे. मालक साडेतीन लाखांच्या खाली यायला तयार नाही. दुसरा माण तालुक्यातील एका शेतकऱ्याकडे आहे. त्याचे वय साडेतीन वर्षे, अंग पांढरे, डोळ्यांभोवती काजळाची कड, अंगाने पहिल्यापेक्षा थोडा हलका. त्याची किंमत निम्म्याहून कमी आहे आणि त्याची आई अजून त्याच दावणीला आहे. घरातील तरुणांचे मत पहिल्याच्या बाजूने आहे, कारण त्याच्या खोंडांना गिऱ्हाईक शोधावे लागणार नाही. वडील मात्र दोन्ही ठिकाणी भोवरे आणि गोम (अंगावरच्या केसांचे शुभ-अशुभ मानले जाणारे वळसे) पाहून आले आणि काहीच बोलले नाहीत. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

निवृत्त_पशुधन_अधिकारी

आपल्या प्रश्नातच निम्मे उत्तर आलेले आहे. गेल्या वर्षीचा वळू उडी चांगली घेत होता, तरीही गायी उलटत राहिल्या. उडी घेण्याची इच्छा आणि फळवण्याची क्षमता या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत आणि बाजारात पहिलीच तेवढी दिसते. दुसरी तपासावी लागते.

तपासणीची सुरुवात वृषणांपासून करावी. वळू खोड्यात (जनावर अडकवून उभे करण्याच्या चौकटीत) घेऊन मागून दोन्ही वृषणे हलक्या हाताने खाली ओढावीत आणि पिशवीच्या सर्वांत रुंद भागाभोवती शिंप्याची टेप लावून घेर मोजावा. ज्यांना हे काम किरकोळ वाटते त्यांना एवढेच सांगतो, की वीर्य तयार करणाऱ्या ऊतीचे प्रमाण वृषणाच्या आकारावरून बऱ्यापैकी समजते. परदेशांतील मांसल जातींसाठी दोन वर्षांवरील वळूला किमान 34 सेंटिमीटर घेर अपेक्षित धरतात. आपले खिल्लार अंगाने सडपातळ आणि उशिरा वयात येणारे असल्यामुळे तो आकडा जसाच्या तसा लावू नये; त्याच वयाच्या इतर खिल्लार वळूंशी तुलना करावी. दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या असाव्यात. दाबल्यावर त्या घट्ट पण लवचिक लागल्या पाहिजेत. कणकेच्या गोळ्यासारखी मऊ लागणारी किंवा दगडासारखी कडक झालेली वृषणे संशयास्पद समजावीत. पिशवीच्या वरच्या गळ्यात चरबी साठलेली नाही, हेही पाहावे. वृषणांचे तापमान शरीरापेक्षा काही अंशांनी कमी राहावे लागते आणि खुराकावर फुगवलेल्या वळूत ही चरबी ती व्यवस्था बिघडवते. विक्रीसाठी तीन महिने पेंड आणि भरड्यावर ठेवलेला चकचकीत वळू पाहून भुलणाऱ्यांना ही बाब क्वचितच कुणी सांगते.

त्यानंतर वीर्य तपासावे. ताजे वीर्य दाट, दुधाळ दिसते आणि सूक्ष्मदर्शकाखाली कमी भिंगाने पाहिल्यास उकळत्या पाण्यासारखी किंवा ढग सरकावेत तशी लाट दिसते. नुसती हालचाल पुरेशी नसते, शुक्रजंतूंचा आकारही निकोप असावा लागतो. 70 टक्के किंवा त्याहून अधिक शुक्रजंतू आकाराने निर्दोष असतील तर वळू निर्धास्त घ्यावा. एक सूचना येथे महत्त्वाची आहे. शुक्रजंतू तयार होण्यास सुमारे दोन महिने लागतात. म्हणून गेल्या दोन-तीन महिन्यांत वळूला तीव्र ताप, लाळ्या खुरकूत किंवा लम्पी झाला असेल, तर आजचा अहवाल वाईट येऊ शकतो आणि तोच वळू पुढे सुधारूही शकतो. लम्पीच्या बाबतीत अधिक सावध राहावे. 2022 च्या साथीत आपण सर्वांनी पाहिले, की काही वळूंच्या वृषणांना सूज येऊन कायमचे नुकसान झाले. शिवाय हा विषाणू वीर्यातूनही बाहेर पडतो.

रोगतपासणी टाळू नये. गोठवलेल्या वीर्यासाठी ठेवलेल्या वळूंची क्षय, जोन्स (आतड्याचा जुनाट रोग), ब्रुसेलोसिस (संसर्गजन्य गर्भपात), तसेच संगातून पसरणारे कॅम्पायलोबॅक्टर आणि ट्रायकोमोनास यांसाठी नियमित तपासणी होते. खेड्यातील वळूची सगळी होत नाही, हे मान्य आहे. निदान ब्रुसेलोसिससाठी रक्ताचा नमुना घ्यावाच, कारण या रोगाची लस फक्त मादी वासरांना 4 ते 8 महिन्यांच्या वयात देतात, नरांना नाही. गाय आजारी पडली तर एका गायीचे नुकसान होते, पण वळू रोग घेऊन आला तर तो पूर्ण दावण फिरून येतो.

पर्याय म्हणून कृत्रिम रेतनाचाही विचार करावा. खिल्लारच्या रेतमात्रा उपलब्ध असतात, 0.25 मिलीलिटरच्या एका नळकांडीत सुमारे दोन कोटी शुक्रजंतू असतात आणि वळू तपासलेला असतो. अडचण आहे ती माज ओळखण्याची. खिल्लार गायीचा माज थोड्या वेळाचा आणि पुष्कळदा मुका असतो. रानात चरणाऱ्या गायीचा रात्रीचा माज माणसाच्या लक्षात येत नाही, वळूच्या येतो. लिंगनिर्धारित रेताची जाहिरात हल्ली सर्वत्र दिसते, पण ते कालवडी मिळवण्यासाठी असते. आपले उत्पन्न खोंडांवर असल्यामुळे आपल्याला ते उलट्या दिशेने नेईल.

म्हसवडचे_आबा

डॉक्टरसाहेबांनी वळूच्या पोटातले सांगितले. मी डोळ्यांना दिसणारे सांगतो.

पहिल्या वळूच्या बापाचे नाव आहे, हे ठीक. पण शर्यत बाप एकटा जिंकत नाही. जोडीदार बैल, चालक, खुराक, रोजचा सराव आणि मैदान यांचा तो मेळ असतो. सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या निकालानंतर शर्यती थांबल्या तेव्हा याच जातीचे खोंड कवडीमोलाने गेलेले मी पाहिले आहेत. डिसेंबर 2021 मध्ये परवानगी मिळाली, मे 2023 मध्ये घटनापीठाने शर्यतींना परवानगी देणारा कायदा कायम केला आणि भाव आभाळाला भिडले. जो भाव न्यायालयाच्या एका निकालाने पडतो आणि एका निकालाने चढतो, त्यावर दहा वर्षांची दावण उभी करणे मला धोक्याचे वाटते. शर्यतीत पळालेल्या बैलाचे सख्खे भाऊ शोधून पाहा. तेही पळत असतील तर रक्तात काहीतरी आहे असे म्हणता येईल. एकटा तोच पळत असेल तर मेहनत मालकाची.

मी वळू घेताना आधी त्याच्या आईच्या मागे जाऊन उभा राहतो. तिची कास आटोपशीर आहे का, चारही सड दुधाचे आहेत का, वय किती, वेत (विण्याच्या खेपा) किती, हे मोजतो. बारा वर्षांची गाय आठव्या वेताला असेल, तर ती जवळजवळ दरवर्षी व्याली, असा साधा हिशेब निघतो. तशा गायीचे खोंड डोळे झाकून नाही, पण एक डोळा झाकून घ्यायला हरकत नाही. बारा वर्षांत चार वेते असतील आणि मालक दुष्काळाचे कारण सांगत असेल, तर त्याच गोठ्यातील इतर गायींची वेते विचारा. दुष्काळ सगळ्यांना सारखाच होता.

मग वळूला मोकळ्या, मऊ मातीत चालवून घ्या. पुढच्या खुराचा ठसा जिथे उमटतो, त्यावर किंवा त्याच्या अगदी जवळ मागच्या खुराचा ठसा पडला पाहिजे. ठसा बराच मागे पडत असेल तर पाऊल आखूड आहे. बाजूला पडत असेल तर कमरेत किंवा ढोपरात दोष आहे. गायीवर चढताना सगळा भार मागच्या पायांवर येतो, म्हणून मागच्या पायाचा सांधा फार सरळही नको आणि कोयत्यासारखा वाकलेलाही नको. खूर काळे, घट्ट आणि मधली फट अरुंद हवी. बेंबीची झालर लोंबणारी नको. आमच्या काटेरी रानात ती फाटते आणि वळू वर्षभर निकामी होतो.

जातीची खूणही सोडू नका. शिंगे कपाळाच्या रेषेतूनच मागे निघून धनुष्यासारखी वर वळलेली, चेहरा लांब आणि निमुळता, कातडी अंगाला चिकटून, वशिंड घट्ट आणि न कललेले. भोवऱ्यांबद्दल मी काही म्हणत नाही. बाजारात भोवऱ्यामुळे भाव पडतो, तेव्हा विकणाऱ्याला तो पाहावाच लागतो. तुमच्या वडिलांनी पाहिले त्यात त्यांचे चुकले नाही, पण गाय गाभण राहणे भोवऱ्यावर अवलंबून नसते.

स्वभाव शेवटी सांगतो, पण तो माझ्यासाठी पहिला आहे. अनोळखी माणसाने कासरा धरल्यावर वळू काय करतो, ते मालकाला दूर उभे करून पाहा. तापट वळूची पोरे तापट निघतात आणि घरातील बायकामुलांना गोठ्यात जाणे कठीण होते.

क्वीन्सलंडहून_सातारकर

मी गेली नऊ वर्षे ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंडमध्ये एका मोठ्या ब्राह्मन गोवंशाच्या फार्मवर काम करतो. येथील कळप मांसासाठी आहे, आपला शेतीकामासाठी, म्हणून तुलना जपून करतो. योगायोग असा, की ब्राह्मन ही जात अमेरिकेत गीर, गुजरातेतील कांकरेज, ओंगोल आणि कृष्णाकाठची कृष्णा व्हॅली या आपल्याच गायींपासून तयार झाली आणि 1933 मध्ये ऑस्ट्रेलियात आली. वशिंड आणि गळ्याची पोळी पाहिली की मला येथेही घरचीच आठवण होते.

येथे वळूंचा लिलाव होतो तेव्हा प्रत्येक वळूसोबत आकड्यांचा तक्ता मिळतो. जन्मवजन, 400 आणि 600 दिवसांचे वजन, वृषणांचा घेर, मुलींची विण्यातील नियमितता अशा गुणांसाठी त्याच्या आणि त्याच्या नातलगांच्या नोंदींवरून अंदाज काढलेला असतो. मला सर्वांत उपयोगी वाटलेली गोष्ट म्हणजे वृषणांच्या घेराचा मुलींशी असलेला संबंध. ज्या वळूंची वृषणे वयाच्या मानाने मोठी, त्यांच्या कालवडी साधारणतः लवकर वयात येतात, असे अनेक देशांतील नोंदींतून दिसले आहे. डॉक्टरांनी सांगितलेली टेप ही केवळ त्या वळूची नव्हे, पुढच्या पिढीतील कालवडींचीही तपासणी आहे.

संख्येबद्दल थोडे सांगतो. उत्तर ऑस्ट्रेलियात विस्तीर्ण रानात शंभर गायींमागे अडीच निरोगी, तपासलेले वळू पुरेसे मानतात. पूर्वी चार-पाच सोडत असत. न तपासलेले पाच ठेवण्यापेक्षा तपासलेले अडीच बरे, असा तो हिशेब आहे. तुमच्या 23 गायींना एक चांगला वळू सहज पुरतो. मात्र साडेतीन वर्षांचा वळू नुकताच कामाला लागलेला असेल, तर पहिल्या हंगामात त्याला आठवड्यातून दोन-तीनपेक्षा अधिक गायी दाखवू नयेत, आणि पैशांसाठी बाहेरच्या गायींनाही देऊ नये.

एका बाबतीत मात्र येथील रीत तुमच्या कामाची नाही, आणि तीच मला सर्वांत महत्त्वाची वाटते. येथे वळू चुकला आणि त्याची वासरे सुमार निघाली, तर ती दोन-अडीच वर्षांत वजनावर विकली जातात. चुकीची किंमत ठरलेली असते. महाराष्ट्रात 2015 पासून बैल आणि वळू यांच्याही कत्तलीवर बंदी आहे. त्यामुळे कमकुवत पायाचा खोंड ना शर्यतीला चालतो, ना कुळवाला. तो दावणीला राहतो, किंवा कुणीतरी त्याला रस्त्यावर सोडते. म्हणून सर्वोत्तम एक खोंड कोणता वळू देईल, याऐवजी कोणत्या वळूची सगळीच वासरे निदान विकण्याजोगी निघतील, हा प्रश्न मी तुमच्या जागी असतो तर विचारला असता. नामांकित बापाचा मुलगा दहातून एखादा हिरा देईलही. उरलेल्या नऊंना चारा तुम्हीच घालणार आहात.

माणदेशी_गोठा

सर्वांचे मनापासून आभार. रविवारी तालुक्याच्या पशुवैद्यकांना सोबत घेऊन दोन्ही ठिकाणी जाऊन आलो.

पहिल्या वळूला खोड्यात घेण्यास मालकाने आधी नकार दिला, मग आढेवेढे घेत तयार झाला. घेर 29 सेंटिमीटर भरला, डावी बाजू उजवीपेक्षा हाताला लहान लागली आणि पिशवीच्या गळ्यात बोटभर चरबी होती. आई कुठे आहे असे विचारल्यावर ती कधीच विकली गेल्याचे समजले. दुसऱ्याचा घेर 33 भरला, दोन्ही बाजू सारख्या. आबांनी सांगितल्याप्रमाणे त्याला नांगरलेल्या रानातून चालवले, तेव्हा मागचा खूर पुढच्या ठशावर जवळजवळ तंतोतंत पडत गेला. वडील ते ठसे पाहत बराच वेळ वाकून उभे होते. आई अकरा वर्षांची, सातव्या वेताची, चारही सड चालू. मालकाची म्हातारी आई वळूला हाताने भाकरी भरवत होती, यावरून स्वभावाचा प्रश्नही मिटला.

एकच शंका उरली आहे. बोलता बोलता असे निघाले, की या वळूचा बाप आणि आमचा जुना वळू हे दोघे एकाच वळूपासून झालेले, पण वेगवेगळ्या गायींचे. मग आमच्या जुन्या वळूच्या 11 गायींना हा चालेल का?

निवृत्त_पशुधन_अधिकारी

चालेल, आणि हिशेब अवघड नाही. बापाला त्याच्याच कालवडीवर वापरले तर होणाऱ्या वासरात अंतःप्रजननाचे प्रमाण 25 टक्के येते. सावत्र भावाबहिणींत ते 12.5 टक्के असते. आपल्या बाबतीत सामाईक पूर्वज दोन्ही बाजूंनी आजोबा आहे, म्हणजे वळू आणि गायी ही सावत्र चुलत भावंडे झाली. त्यांच्या वासरात हे प्रमाण 3 टक्क्यांच्या थोडे वर राहते. तेवढे स्वीकारण्यास हरकत नाही, आणि उरलेल्या 12 गायींचा त्याच्याशी संबंध नसेल तर त्यांच्याबाबत प्रश्नच उद्भवत नाही. मात्र या वळूच्या स्वतःच्या कालवडी साधारण तीन वर्षांत माजावर येऊ लागतील. त्याच्या आत त्याची बदली दुसऱ्या गावच्या वळूशी करण्याचे आजच ठरवून ठेवा, नाहीतर पुन्हा 25 टक्क्यांवर येऊन पोहोचाल.

रक्ताचा अहवाल हातात येईपर्यंत वळू त्याच्याच गोठ्यात राहू द्या. आणल्यावर महिनाभर वेगळा बांधा, गोचीड काढा, पाणी आणि वैरण हळूहळू बदला. पहिल्यांदा कालवडी दाखवू नका. एक-दोन वेळा व्यालेल्या, नियमित माजावर येणाऱ्या तीन गायी निवडा, तारीख वहीत लिहा आणि बाविसाव्या दिवसापर्यंत त्यांच्यावर सकाळ-संध्याकाळ नजर ठेवा.

माणदेशी_गोठा

विसार दिला आहे. अहवाल गुरुवारी मिळेल. गायी निवडल्या आहेत: मोरी, चांदणी आणि गेल्या वर्षी सहा वेळा उलटलेली हरणी. हरणीला घ्यावे की नाही, याबद्दल घरात अजून एकमत झालेले नाही.

निवृत्त_पशुधन_अधिकारी

हरणीला घेऊ नका. तिचे गर्भाशय आधी तपासून घ्या. सहा वेळा उलटली त्यात दोष वळूचा होता की तिचा, हे ठाऊक नसताना तिच्यावर नव्या वळूची परीक्षा करता येणार नाही, आणि तिला काही संसर्ग असेल तर तो पहिल्याच दिवशी त्याला लागेल.